घास चुकला तरी चालेल, घोट चुकू नये

ज्या घरात चार पिढ्या एका छपराखाली नांदतात, त्या घरात लहान मूल आजारी पडले म्हणजे औषधापेक्षा उपदेशच त्याच्या वाट्याला अधिक येतो, असा आमचा अनुभव आहे. आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचाही तो असाच असेल. ताप आला, नाक वाहिले, पोट बिघडले, इथपर्यंत सारे धीराने घेतात. परंतु मुलाने अन्नावरून तोंड फिरविले आणि पाण्याचा पेलाही हाताने दूर लोटला, की सगळ्या घराचा धीर सुटतो. आजी मऊ भात कालवून आणते, काकू दुधाची वाटी आणते, आत्या बिस्किट दाखविते, आजोबा खुळखुळा वाजवितात, आणि बिचारी आई हे सारे पाहत डोळे पुशीत बसते. मूल मात्र ओठ घट्ट मिटून, मान वळवून, या सर्वांच्या विरुद्ध एकटेच सत्याग्रह करीत असते.

अशा वेळी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याविषयी चार शब्द लिहावेत असे गेल्या भाद्रपदापासून आमच्या मनात आहे. आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. तीस-बत्तीस वर्षे मुलांना संस्कृत आणि मराठी शिकविले, एवढीच आमची विद्या. तरीही जे आमच्या घरात घडले ते सांगितल्याने एखाद्या घरातील गोंधळ एक घटकाभर जरी कमी झाला, तरी लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.

आमचे बिऱ्हाड वाईस, कृष्णेच्या घाटापासून फार दूर नाही अशा जुन्या वाड्यात आहे. गौरी-गणपतीचे दिवस होते आणि घर पाहुण्यांनी भरले होते. गौरींचे विसर्जन झाले त्या रात्री आमच्या दीड वर्षाच्या नातवाला दोनदा ओकारी झाली. पहाटे अंग तापले आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. दुपारच्या बारापर्यंत सहा जुलाब झाले. मुलाने सकाळपासून काहीच घेतले नव्हते. दूध दिले ते ओकून टाकले. पेल्याने पाणी पाजले तेही घटकाभरात बाहेर आले. त्यानंतर तर पेला दिसला की तो रडू लागे.

मग जे सर्वत्र होते तेच आमच्या घरी झाले. प्रत्येकाने आपापला उपाय आणला. कोणी म्हणाले, "पोटात काही नाही म्हणून ओकतो, दोन घास जाऊ द्या." कोणी म्हणाले, "पोटाला विसावा द्या, आज पाणीदेखील नको." एका मायाळू पाहुण्याबाईंनी तर त्याला मांडीवर आडवा घेतला, दोन्ही हात धरले आणि दातांमध्ये चमचा सारून दूध ओतले. मुलाला ठसका लागला, तोंड लालबुंद झाले, आणि पोटात उरलेसुरले होते तेही बाहेर पडले. त्यांच्या मायेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु रडणाऱ्या, आडव्या निजलेल्या मुलाच्या तोंडात जबरीने ओतलेला घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरू शकतो, आणि तसे झाले तर मूळ दुखण्यापेक्षा हे नवे दुखणेच भारी पडते. शिवाय मुलाच्या मनात भांड्याची धास्ती बसते ती वेगळीच.

तीन वाजण्याच्या सुमारास मूल शांत झाले. रडेना, हात झटकेना. आईच्या खांद्यावर मान टाकून डोळे अर्धवट मिटून पडून राहिले. "आता डोळा लागला, बरे वाटते आहे," असे म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्याच वेळी आमच्या मातोश्री, ज्यांचे वय आज अठ्ठ्याऐंशी आहे, आतल्या खोलीतून भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या. त्यांनी मुलाच्या ओठांवरून बोट फिरविले आणि विचारले, "सकाळपासून लघवी किती वेळा झाली?"

कोणालाच सांगता येईना. सहा माणसांनी सहा पदार्थ आणले होते, पण हा प्रश्न कोणाच्याही मनात आला नव्हता. मातोश्री आमच्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, ही झोप नव्हे. ही झोप मी ओळखते. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने."

त्या ही झोप का ओळखत होत्या, हे त्या खोलीत आम्हां दोघांनाच ठाऊक होते.

सन १९६६ च्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आम्ही त्या वेळी आठ वर्षांचे होतो आणि आमची धाकटी बहीण दीड वर्षाची होती. तिलाही असेच जुलाब लागले. त्या काळच्या घराघरांतून एक पक्की समजूत होती, की पाणी पोटात जाते म्हणून पाण्यासारखे जुलाब होतात. तेव्हा पाणी तोडले की जुलाब थांबतील. आमच्या आजीने त्याप्रमाणे पाणी बंद केले. आजी निर्दय नव्हती. तिने स्वतः दोन दिवस अन्न वर्ज्य केले होते. मातोश्री तेव्हा तिशीच्या आतल्या सूनबाई. सासूपुढे बोलण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. बहीण कोपऱ्यातल्या तांब्याकडे बोट दाखवी. तिला पाणी हा शब्दही नीट येत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला तो दिसू नये म्हणून तांब्या उचलून स्वयंपाकघरात ठेवण्यास आजीने आम्हांस सांगितले, आणि आम्ही आज्ञाधारकपणे तो ठेवला. त्या संध्याकाळी ती अशीच शांत झाली. घरातील सर्वांस वाटले, उतार पडला. पहाटे ती गेली.

हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. जे ठाऊक नव्हते ते ठाऊक नव्हते. परंतु आज जे सर्वांना ठाऊक असावयास हवे ते अजून कित्येक घरांत ठाऊक नाही, म्हणून सांगावे लागते.

पाणी तोडण्याच्या या रूढीस शास्त्राचा आधार आहे असे पूर्वी सांगत, आणि लंघनाचे नाव घेत. संस्कृतच्या या जुन्या विद्यार्थ्याला येथे दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे असे वाटते. चरकाने ज्वराच्या आरंभी लंघन सांगितले आहे हे खरे. पण त्याच प्रकरणात तहान शमविण्यासाठी नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुंठ इत्यादी घालून उकळलेले पाणीही सांगितले आहे. म्हणजे लंघन अन्नाचे, पाण्याचे नव्हे. सुश्रुताने तर ज्यांना लंघन घडवू नये अशांची गणनाच केली आहे. तीत गर्भिणी, वृद्ध, दुर्बळ यांच्या जोडीने बालकही आहे, आणि तहानेने व्याकूळ झालेला रोगीही आहे. ग्रंथ न वाचता ग्रंथाचे नाव घेतल्याने केवढा अनर्थ होतो, याचे आमच्या घरातील उदाहरण वर आलेच आहे.

आता नव्या शास्त्राकडे पाहू. जुलाबात आतड्याची पाणी शोषून घेण्याची शक्ती बिघडते. नुसते पाणी पाजले तर त्यातले बरेचसे वाहून जाते आणि अंगातले क्षार मात्र भरून येत नाहीत. परंतु आतड्याच्या अस्तरात एक दार असे आहे, की मीठ आणि साखर जोडीने आली म्हणजेच ते उघडते, आणि त्या दोघांच्या पाठोपाठ पाणी आत जाते. हे दार जुलाबातही बहुधा शाबूत राहते. साखर व मीठ यांच्या या जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडली. १९६८ साली ढाक्याला पटकीच्या रोग्यांवर डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी तिचा यशस्वी प्रयोग केला. आणि १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, तेव्हा बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून देण्याच्या सलाइनच्या बाटल्या पुऱ्या पडेनात. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपांतून ठेवले आणि रोग्यांच्या आईबापांच्याच हाती पेले दिले. त्या पेल्यांनी मृत्यूचे प्रमाण पुष्कळच खाली आणले. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने या शोधाची गणना शतकातील सर्वांत मोलाच्या वैद्यकीय शोधांत केली. महालनबीस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. ज्या शोधाने एवढे जीव वाचले तो आमच्या बहिणीला दोन वर्षांनी चुकला, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

असो. आम्ही नातवाला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर आमचेच जुने विद्यार्थी. त्यांनी मुलाचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती किती वेळाने पूर्ववत होते हे पाहिले. मुलाला हलवून जागे केले तेव्हा ते चिडून रडले. पण डोळ्यांत पाणी फारसे आले नाही. डॉक्टर म्हणाले, "सर, अंगातले पाणी कमी झाले आहे, पण हाताबाहेर गेलेले नाही. रडतो आहे, हे चांगले लक्षण आहे. वजन दहा किलो. चार तासांत पाऊण लिटर मीठ-साखरेचे पाणी पोटात गेले पाहिजे. येथेच माझ्यासमोर पाजा. नाही प्यायला तर इस्पितळात सलाइन लावू." ओकारी आवरण्यासाठी त्यांनी औषधाची एक मात्रा दिली, आणि अर्ध्या तासाने पाजण्यास आरंभ करण्यास सांगितले.

पाऊण लिटर हा आकडा ऐकून सूनबाईंचा चेहरा उतरला. जे मूल एक घोट घेत नाही ते पाऊण लिटर कसे घेणार? डॉक्टरांनी हिशेब समजावून दिला. "पेला दाखवूच नका. लहान चमचा घ्या. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा, घड्याळ लावून. चमचाभर पाणी पोटाला जड होत नाही, म्हणून ते टिकते. ओकलाच तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा अधिक सावकाश सुरू करा. आणि पाजणारे माणूस एकच असू द्या."

पण चमचा पाहूनही मुलाने तोंड घट्ट मिटले. दुपारचा चमचा ते विसरले नव्हते. चिरंजीवांनी औषधाची बिनसुईची पिचकारी गालाच्या आतल्या बाजूस धरून थेंब थेंब सोडून पाहिले. चार थेंब गेले, पाचव्याला ते पुन्हा रडू लागले. आम्ही घरी दूरध्वनी करून मातोश्रींना हकीकत सांगितली. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "त्याला पाणी देऊ नकोस. तीर्थ दे."

आमच्या ध्यानात लगेच आले. रोज सकाळी पूजा आटोपली म्हणजे हा नातू देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उजवा तळहात पुढे करतो, आणि चांदीच्या पळीने तीर्थ दिल्यावाचून हलत नाही. थोरल्या नातवाने धावत जाऊन पळी आणली. ती उकळत्या पाण्यात धुऊन घेतली. आम्ही मुलासमोर मांडी घालून बसलो, नेहमीचा श्लोक नेहमीच्याच चालीवर म्हटला आणि पळी पुढे केली. मुलाने जड डोळ्यांनी पळीकडे पाहिले. मग हात थोडासा पुढे आला. पहिली पळी तळहातावरून बरीचशी सांडली. दुसरी त्याने ओठांना लावू दिली. तिसरीला तोंड आपण होऊन उघडले.

त्या संध्याकाळी तो श्लोक आम्ही किती वेळा म्हटला याची गणती नाही. सातच्या सुमारास एकदा ओकारी झाली. दहा मिनिटे थांबून पुन्हा आरंभ केला. पळी लहान असल्याने वेळ अधिक लागला, आणि पुढे पुढे तहान जागी होऊन ते स्वतःच पळीकडे झेपावू लागल्यावर चमचाही चालला. नऊ वाजता डॉक्टरांनी पुन्हा तपासले आणि घरी नेण्यास परवानगी दिली. मात्र रात्रभर प्रत्येक जुलाबामागे पाऊण वाटीभर पाणी असेच सावकाश द्यावयाचे आणि लघवीवर नजर ठेवावयाची, असे बजावले. जुलाबात डायपरमध्ये लघवी झाली की नाही हे कळत नाही, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून मुलाला दुपट्यावर निजविले.

वाचकांच्या सोयीसाठी या अनुभवातून निघालेल्या आणि डॉक्टरांकडून खात्री करून घेतलेल्या गोष्टी आता सलग सांगतो.

पहिली गोष्ट ही, की आजारी मुलाची भूक जाणे हे स्वाभाविक आहे. तापात शरीर स्वतःच भूक आवरून धरते. एरवी धडधाकट असलेले मूल एक-दोन दिवस जेवले नाही म्हणून त्याचे काही बिघडत नाही. बरे झाल्यावर ते चार दिवस अधिक जेवून सारी वजाबाकी भरून काढते. पाण्याचे मात्र तसे नाही. दहा किलोच्या मुलाला एरवीही दिवसाकाठी दूध वगैरे सर्व मिळून सुमारे एक लिटर द्रव लागतो. ताप, ओकारी, जुलाब यांत तो अधिक लागतो. म्हणून घासाची चिंता सोडावी आणि घोटाची धरावी.

दुसरी गोष्ट, मूल नको का म्हणते याचा शोध घ्यावा. ते हट्टी झाले असे म्हणून मोकळे होऊ नये. सुश्रुत सांगतो, की मुलाच्या ज्या अवयवात वेदना असते तेथे ते वारंवार हात लावते आणि दुसऱ्याने हात लावला तर रडते. काश्यपसंहितेत तर, बोलता न येणाऱ्या मुलाचे काय दुखते हे कोणत्या लक्षणांवरून ओळखावे यासाठी स्वतंत्र अध्यायच आहे. हीच दृष्टी आजही उपयोगी पडते. तोंडातून लाळ गळत असेल आणि घास घेताच रडू येत असेल, तर तोंडात किंवा घशात फोड असावेत. अशा वेळी गार दूध, गार दही, प्रसंगी आइस्क्रीमसुद्धा द्यावे, आणि आंबट, खारट, तिखट व गरम टाळावे. चोखताना दर क्षणाला मूल तोंड सोडत असेल तर नाक चोंदले आहे असे समजावे; मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब नाकात घालून मग पाजावे. कानाशी हात जात असेल तर डॉक्टरांस कान दाखवावा. ताप किंवा दुखणे यांमुळे मूल कासावीस असेल तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेले पॅरासिटामॉल द्यावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने, मूल थोडे हसरे झाले म्हणजे, पाजावयास घ्यावे. मुलांना अॅस्पिरिन कधीही देऊ नये.

तिसरी गोष्ट पाण्याची. ओआरएसची पुडी मिळते, तीच उत्तम. पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती एकदम कालवावी. अर्धी पुडी अंदाजाने घालू नये, दुधात कालवू नये, गोड लागावे म्हणून वर साखर टाकू नये. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. रात्रीबेरात्री पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावे. मिठाचे माप चुकू देऊ नये, कारण अधिक मीठ घातक आहे. दुकानांतील गोड पेयांना या कामी जवळ करू नये. त्यांतील भारी साखरेने जुलाब उलट वाढतात. कित्येक गोड पेयांच्या वेष्टनांवर ओआरएस ही अक्षरे झळकत असत. तशी ती छापण्यास भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तेव्हा पुडी घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण लिहिलेले आहे ना, हे चष्मा लावून पाहावे.

आईचे दूध मात्र कोणत्याही दुखण्यात तोडू नये. जे मूल बाकी सारे नाकारते ते पुष्कळदा अंगावर पिते, आणि ते पाणीही आहे व अन्नही आहे. भाताची पातळ पेज चिमूटभर मीठ घालून, वरणाचे पाणी, पातळ ताक हीही चालतात. आपल्या पूर्वजांनी आधी मंड, मग पेया, मग विलेपी असा जो पातळाकडून घट्टाकडे जाण्याचा क्रम घालून दिला आहे, त्याचा अर्थ अशा वेळी चांगला कळतो. मुलाने तोंड उघडले की मग मऊ भात, खिचडी, केळे असे घरचे नेहमीचे अन्न थोडे थोडे पण वारंवार द्यावे; जुलाब पुरते थांबेपर्यंत उपाशी ठेवू नये. डॉक्टर जुलाबात चौदा दिवस जस्ताची मात्रा देतात, तीही जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नये. मोठ्या माणसांची जुलाब थांबविण्याची गोळी मुलास चुकूनही देऊ नये. वर्षाच्या आतील मुलास मधाचे बोटही लावू नये.

चौथी गोष्ट आमच्यासारख्या मोठ्या घरांपुरती आहे. खोलीत पाजणारे एक माणूस आणि फार तर मूल धरणारे दुसरे, याहून अधिक गर्दी असू नये. बाकीच्यांना माया दाखवावयाची असेल तर त्यांनी दुपटी धुवावीत, पाणी उकळावे, स्वयंपाक उरकावा, आणि आईला दोन तास निजू द्यावे. एकाने पाटी घेऊन तीवर किती वाजता किती प्यायले, किती वेळा ओकले, किती जुलाब झाले आणि लघवी केव्हा झाली, हे लिहीत जावे. शंभर सल्ल्यांपेक्षा ही पाटी डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते. मूल बसते धरावे, आणि पाजताना रागावू नये, घाई करू नये, हात धरू नये. त्याच्या रोजच्या खेळातले किंवा सवयीतले एखादे भांडे, एखादे गाणे, एखादी युक्ती आठवून पाहावी. आमच्याकडे पळी होती. दुसऱ्या घरी भातुकलीतील पेला असेल, नळी असेल, किंवा बाहुलीला एक घोट आणि बाळाला एक घोट असा खेळ असेल.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरगुती प्रयत्न कोठवर करावे यास मर्यादा आहे. मूल काहीच पिऊ शकत नसेल, घेतलेले सर्वच ओकत असेल, झटके आले असतील, किंवा सुस्त होऊन जागे करूनही नीट जागे होत नसेल, तर घरात चमचा घेऊन बसू नये. तडक इस्पितळ गाठावे. सहा ते आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू नाहीत, जीभ कोरडी आहे, चिमटीत धरलेली कातडी हळूहळू पूर्ववत होते, शौचात रक्त किंवा ओकारीत हिरवे पित्त दिसते, यांपैकी काही आढळले तरीही विलंब नको. वर्षावरील मूल स्वस्थ असता मिनिटास चाळीस किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल अथवा श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर तेही तातडीचे लक्षण होय. सहा महिन्यांच्या आतील मुलाच्या बाबतीत तर यांतील कशाचीच वाट पाहू नये. आणि आजारी मूल एकाएकी शांत झाले तर समाधान मानण्यापूर्वी त्यास जागे करून पाहावे. रडणारे मूल निदान भांडत तरी असते.

त्या रात्री घरी आल्यावर मातोश्रींनी सूनबाईंना आत निजावयास पाठविले आणि नातवापाशी स्वतः बसल्या. आम्ही पाटी घेऊन शेजारी होतो. त्यांचा हात आता कापतो, म्हणून पळी अर्धीच भरीत. पण एकही वेळ चुकली नाही. रात्रभर आम्ही दोघे फारसे बोललो नाही. पहाटे साडेचारच्या सुमारास त्यांनी दुपट्याखाली हात घातला आणि तो तसाच ठेवून आम्हांस म्हणाल्या, "बघ, ओले आहे." आम्ही पाटीवर वेळ लिहिली. घरातील सर्वांना उठवून ही वार्ता सांगितली, आणि एका ओल्या दुपट्याचा एवढा आनंद आमच्या वाड्याने पूर्वी कधी केला नसेल.

उजाडल्यावर मुलाने आपण होऊन पेल्याकडे बोट दाखविले. आम्ही उठण्यापूर्वीच मातोश्रींनी पाण्याचा तांब्या आतून आणून त्याच्या उशाशी, त्याला दिसेल असा ठेवला. तो आजतागायत तेथेच आहे.